मामाच्या अंगाला वास नाही

तांडा, पुसेगाव
मार्च २००३

प्रिय दिपा,

तुझं पत्र सादिकनं जीपमधून आणून दिलं त्याला बरेच दिवस झाले, पण मी ते वाचलं काल. रागावू नको. पाकीट फोडल्याबरोबर त्यातून तुमच्या दुकानाचा वास आला आणि थेट माझ्या जिभेवर येऊन बसला. मग ते पत्र मी गोठ्यामागच्या बाभळीच्या काट्याला टोचून ठेवलं आणि त्याला ऊन-वारा लागू दिला. याडी ओरडली, आईच्या डोळ्यांदेखत लेकीचं पत्र कुणी असं वाळत घालतं का, ती काय कुरडई आहे. बापूनं तर शेजाऱ्यांना सांगून टाकलं की आमच्या कुलदीपला आता कागदसुद्धा चावतो.

वास उडाल्यावर वाचलं. येत्या रविवारी डोंगरकड्याला पुजाचं जावळ आहे. पहिल्या वर्षी ते माझ्यामुळं राहून गेलं, आता तिसरं चालू आहे, यापुढं लांबवता येत नाही. लेकरू मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय त्याच्या डोक्याला वस्तरा लागत नाही आणि सख्खा मामा मी एकटाच. मी नाही आलो तर दाजी आपल्या चुलतभावाला, संतरामला, मामा म्हणून बसवणार आहेत, आणि मग तुझा-माझा संबंध संपला, असं तू लिहिलं आहेस. शेवटची ओळ तू दोनदा गिरवली आहेस. म्हणजे ती रागाच्या भरात लिहिलेली नाही. म्हणून मीही सावकाश, विचार करून उत्तर लिहितो आहे. पेनाच्या शाईचा वास मला सोसत नाही, त्यामुळं पेन्सिलीनं लिहितो आहे. पुसट वाटलं तर उजेडात धर, पण पूर्ण वाच.

तुझ्या घरी मी एकदाच आलो, पुजा पाळण्यात होती तेव्हा. समोर दाजींचं कृषी सेवा केंद्र, मध्ये एक पडदा, आणि पडद्यामागं तुमचा संसार. पलंगाखाली औषधाची खोकी, ओट्याला लागून खोकी, पाळण्याच्या डोक्याशी खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर कवटीचं चित्र. मेव्हणा पहिल्यांदा येतोय म्हणून दाजींनी सकाळीच फरशी फिनेलनं पुसून घेतली होती, देवापुढं मूठभर उदबत्त्या लावल्या होत्या, आणि मी उंबऱ्यात पाय ठेवला तसा डब्यातला गुलाबाचा फवारा माझ्या डोक्यावरून उडवला. तो पाहुणचार होता, मला कळतं. पण खरं सांगतो दिपा, मेलेल्या म्हशीवर शालू पांघरावा आणि पाहुण्याला म्हणावं, बसा इथं टेकून, तसं मला झालं. खालून औषधाचा कडू वास, त्यावर फिनेल, त्यावर चंदन, त्यावर गुलाब. तू आणलेल्या चहाच्या बशीलासुद्धा तो चिकटलेला होता. एक घोट घेतला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मी उठून बाहेर गेलो आणि केळीचे घड भरत होते त्या ट्रकच्या सावलीत बसलो. आत दाजी गिऱ्हाइकांना सांगत होते ते मला स्पष्ट ऐकू आलं. “आमच्या मेव्हण्याला शेणाचा वास चालतो, उदबत्तीचा न्हाई चालत. उलट्या खोपडीचं पोरगं हाये.” गिऱ्हाइकं हसली. तूही हसलीस.

दाजी बोलले ते खोटं नाही. शेणाचा, घामाचा, सिद्धेश्वरच्या धरणावर वाळत घातलेल्या मासळीचा मला काही त्रास होत नाही. घाण घाणीसारखा वास मारते, ती काही लपवत नाही. मला किळस येते ती सुगंधाची. मोगऱ्याचं तेल, स्नो, पावडर, कपड्यांच्या साबणातलं लिंबू, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या, गुटख्यातला केवडा, डासांची कॉइल, नव्या दाराचा रंग. माणसं अंघोळीचा कंटाळा करतात आणि वरून बाटली उपडी करतात. एसटीत बसलं की जो तो आपला वास दुसऱ्याच्या नाकात कोंबतो आणि वर प्रसन्न चेहऱ्यानं बघतो. बिडी ओढणाऱ्याला निदान कंडक्टर हटकतो. अत्तर लावून आलेल्याला कोण हटकणार? आधी माझ्या कपाळात खिळा ठोकल्यासारखं होतं. मग हात थरथरतात. मग शब्द सापडत नाहीत, आपल्याच म्हशीचं नाव आठवत नाही. लोक म्हणतात, ढोंग करून राहिलं पोरगं, कामाचा कंटाळा, दुसरं काय.

हे मला जन्मापासून नव्हतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आश्रमशाळेत वासाचं खोडरबर सगळ्यांत आधी मी घेतलं होतं आणि तू ते हुंगायला मागायचीस. मी तुला एका वेळी एकदाच हुंगू द्यायचो, वास संपेल म्हणून. नववी अर्धी सुटली आणि बापूनं मला हिंगोलीला एका व्यापाऱ्याच्या गोदामात लावलं. कापसाचे दिवस होते, ज्याच्या त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप. गोदामाला एकच दार होतं, खिडकी नव्हती. भाकर तिथंच पोत्यावर बसून खायची आणि त्याच पोत्यांवर झोपायचं. एका पावसाळ्यात औषधाचा डबा फुटला. मालक म्हणाला, महागाचा माल आहे, फडक्यानं टिप आणि डब्यात पिळ. मी टिपलं आणि पिळलं, उघड्या हातांनी. मग मालकानं मोठ्या मनानं त्याची स्वतःची चंदनाच्या साबणाची वडी दिली हात धुवायला. त्या दिवसापासून ते दोन वास माझ्या डोक्यात एकत्र शिजले ते आजपर्यंत. त्या दिवाळीला घरी आलो आणि उटण्याच्या वासानं अंगणात कोसळलो.

पुढचं तू बाहेरून पाहिलंस. मी ते आतून पाहिलं. आपले सेवा नाईक म्हणाले, पोराला बाहेरचं लागलंय, धुरी द्या. त्यांचा शब्द तांड्यात कोण मोडणार? घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर लोबान, लिंबाचा पाला, लाल मिरच्या, समोर मी, आणि माझ्या डोक्यावरून जमिनीपर्यंत गोधडी. वासानं आजारी पडलेल्या माणसाचा उपाय म्हणून धूर. मी ओरडलो तर म्हणाले, ते ओरडतंय, म्हणजे लागू पडलं. मी निपचित झालो तर म्हणाले, गेलं. मग ते परत येऊ नये म्हणून दर अमावास्येला पुन्हा घमेलं. एवढी माणसं खोलीत उभी होती, सगळी माझ्या भल्यासाठी उभी होती, आणि एकाच्याही मनात आलं नाही की याला श्वास घेता येतोय का ते बघावं. आजही मिरचीची फोडणी ऐकली की मला त्या माणसांचे पाय दिसतात, कारण गोधडीखालून तेवढेच दिसायचे. त्यांत तुझे लहान पाय होते. एकदा तू खाली वाकलीस आणि कुणाचं लक्ष नाही बघून गोधडीचं टोक चार बोटं उचलून धरलंस. त्या फटीतून आत आलेली हवा मी विसरलेलो नाही.

डॉक्टरही झाले. एकानं तपासलं आणि मनाचा खेळ आहे म्हणाला. त्याच्या खोलीत फिनेल होतं आणि त्याच्या अंगावर असलं काही जबर सेंट होतं की मला त्याच्या प्रश्नांची उत्तरंच देता येईनात, त्यावरून त्यानं ते ठरवलं. दुसऱ्यानं गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली, बाकी जसंच्या तसं. शेवटी मीच घरातली एकेक वस्तू बाहेर काढायला लागलो. एक काढायची, काही दिवस थांबायचं, फरक पडतो का बघायचं. उदबत्ती गेली, पावडर गेली, वासाचा साबण गेला. कपडे रिठ्यानं धुवायचे. देवापुढं नुसतं तुपाचं निरांजन. नाईक घरी येऊन बापूला बोलून गेले की भवसिंग, तुझ्या घरात देव उपाशी ठेवलाय. तेव्हा याडी पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली. म्हणाली, “देवाला तूप चालतं. माझं लेकरू मेलेलं चालनार हाये काय त्याला?” तेव्हापासून आपल्या घरात कशालाच वास नाही. आणि मी माणसासारखा उठतो, बसतो, म्हशी सांभाळतो, तांड्यातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. माझ्या जगण्याला फार काही लागत नाही. चार भिंतींच्या आत थोडी बिनवासाची हवा, एवढंच.

आता तुझ्या लग्नाचं लिहितो. तू इतक्या वर्षांत ते एकदाही तोंडानं बोलली नाहीस, म्हणून मलाच लिहावं लागेल. मांडवाच्या दाराशी वऱ्हाडातली पोरं उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला अत्तराचा बोळा फिरवत होती आणि वरून गुलाबपाणी शिंपडत होती. मी मागून शिरलो तर एकानं मला पकडून आणलं, नवरीचा भाऊ आणि बिनवासाचा कसा, म्हणून माझ्या मानेला, छातीला, केसांना चोळलं. थोड्या वेळात मी मांडवातच ओकलो, दाजींच्या काकाच्या पायांवर. तांड्यातलं पोर, लग्नाचा दिवस, ओकतंय, तोल जातोय. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. दाजींच्या घरी अजूनही तेच समजतात. मी थेंबभर प्यालो नव्हतो. मी गोठ्यामागं जाऊन अंगावर चिखल चोळला, अत्तर मरावं म्हणून, आणि तिथंच पडून राहिलो. तुझी निघायची वेळ झाली तेव्हा तू एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायला लागलीस. काकाच्या गळ्यात, मावशीच्या गळ्यात, बापूच्या गळ्यात. रडत रडत गायचं असतं ते, आणि शेवटी भावाच्या गळ्यात. तू माझं नाव घेऊन हाक मारलीस. मी ऐकली. मी उठलोसुद्धा. पण तुझ्या अंगावर काय काय चोळलं होतं ते मला लांबूनही कळत होतं, आणि माझं तोंड वाईट झालं होतं. सासरच्या माणसांपुढं बहिणीच्या गळ्यात पडून ओकणारा भाऊ तुला नको होता, असं मला वाटलं. तू ते कडवं हवेतच म्हटलंस आणि जीपमध्ये बसलीस. मला सगळ्या सुगंधांची किळस आहे, पण त्या अत्तराची आहे तशी कशाचीच नाही.

सादिकचं सांगतो म्हणजे पत्र थोडं हलकं होईल. पुसेगाव-हिंगोली त्याची काळी-पिवळी चालते. आरशाला मोगऱ्याच्या वासाची हिरवी बाटली टांगलेली असायची, आणि शुक्रवारी तर तो स्वतःच चालती अत्तराची पेटी. मी मागच्या फळीवर उभं राहून, तोंड बाहेर काढून जायचो. तो मला नवाब म्हणायचा. बाजारच्या दिवशी सगळ्या जीपला ऐकू जाईल असं विचारायचा, नवाबसाहेब, आज हवा पसंत आहे ना, नाहीतर दिल्लीहून मागवतो. एकदा मी फळीवरून पडता पडता राहिलो. सादिक उतरला, बाटली उपटली आणि नाल्यात फेकली. शिव्या मलाच दिल्या. महिन्याभरानं भेटला तेव्हा जरा शरमून बोलला, “तेरे वास्ते नहीं हां. मेरा ही सर दुखता था रोज, मैं समझता था डिझेल से दुखता है.” आता शुक्रवारी मी जात नाही आणि बाकीचे दिवस तो अत्तर लावत नाही. असं आमचं ठरलं आहे, कुणाला काही न सांगता. एका माणसानं एक बाटली फेकली तर मला अख्खा हिंगोली जिल्हा उघडा झाला. जास्त काही लागत नाही, हे पुन्हा लिहितो.

पण डोंगरकड्याला मी येणार नाही. सादिकच्या जीपमध्ये बसून येऊ शकतो, पडद्यापर्यंतही पोचू शकतो. तुमच्या घरात न्हाव्याच्या साबणाच्या फेसात, पाहुण्यांच्या पावडरीत, त्या खोक्यांच्या मध्ये पुजाला मांडीवर घेऊन बसलो, तर वस्तरा चालू असताना माझे हात थरथरतील. लेकराच्या टाळूवर वस्तरा आणि तिला धरणाऱ्याचे हात थरथरताहेत. तू आई आहेस, तूच सांग.

एवढ्यासाठी इतकं लांब पत्र लिहायची गरज नव्हती. “येत नाही” असं सादिकजवळ तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. संतराम मामा झाला असता, तू माझ्याशी बोलणं टाकलं असतंस, आणि मी म्हशींमागं गेलो असतो. मला सवय आहे. लिहायचं कारण दुसरं आहे. जानेवारीत तुला टायफॉईड झाला आणि पुजा महिनाभर आमच्याकडं होती. आली तेव्हा सारखी खोकत होती, तुमच्या डॉक्टरांनी बाळदमा सांगितला होता. इथं आठ-दहा दिवसांत खोकला गेला. तू म्हणालीस, आजीच्या हातच्या दुधाचा गुण. आम्हीही तसंच समजलो. ती रात्रंदिवस मला चिकटलेली असायची. एकदा माझ्या सदऱ्यात नाक घालून हुंगलं आणि याडीला म्हणाली, “मामाला वास न्हाई.” आम्ही हसलो. मग दाजी तिला न्यायला आले. दुकानातूनच उठून आले होते, तेच कपडे. दाजी वाईट माणूस नाहीत, पोरगी दिसल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं, आणि पुजानं फ्रॉकचा घेर वर घेतला आणि त्यानं जीभ पुसायला लागली. पुसायची, बघायची, पुन्हा पुसायची. म्हणाली, “कडू.” सगळे हसले. बापू म्हणाला, मामावर गेली, मामाची नक्कल करून राहिली. दिपा, मी तसं कधी तिच्यापुढं केलेलं नाही. गोदामात पहिल्या पावसाळ्यात, डोकं दुखायच्याही आधी, मी दिवसभर सदऱ्याच्या टोकानं जीभ पुसायचो. पाणी प्यालो तरी ते कडू जायचं नाही. ते मी तुला सांगितलं नाही, याडीला नाही, डॉक्टरांनाही नाही, कारण ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. ते आपोआप बंद झालं आणि मग बाकीचं सुरू झालं. नक्कल करायला तिनं ते पाहिलेलंच नाही. दाजी तिला खांद्यावर घेऊन निघाले तेव्हा ती त्यांच्या पाठीवरून माझ्याकडं बघत होती आणि जीभ पुसत होती. जावळ इथं कर. रविवारी सकाळी सादिक जीप घेऊन तुमच्या दाराशी येईल, बाटली नसलेली, अत्तर न लावलेला. पुजाला नुसत्या पाण्यानं अंघोळ घाल आणि तूही तशीच ये. दाजींनी यावं, मला काय वाटेल ते बोलावं, फक्त दुकानातले कपडे घालून येऊ नये. न्हाव्याला मी सांगून ठेवलं आहे, साबण नाही, कोमट पाण्यानंच केस भिजवायचे. आणि जावळ झालं की पुजाला इथं ठेवून जा, दाजी दुकानापासून लांब कुठं झोपायला दुसरी खोली बघेपर्यंत. दुकान सोडा असं मी म्हणत नाही, ते तुमचं पोट आहे. पाळण्याच्या डोक्याशी असलेली खोकी मात्र हलवावीच लागतील. त्यांना सांगायची तुला भीती वाटेल, घरचे म्हणतील भावाचं खूळ बहिणीला लागलं. मलाही हे पत्र पाठवायची भीती वाटते आहे, तीन वेळा खोडून लिहिलं. पण तेव्हा एवढी मोठी माणसं खोलीत उभी होती आणि गोधडीचं टोक उचललं होतं ते तूच. आता पुजा आत आहे. उचल.

तुझाच भाऊ,
कुलदीप